उचलणाऱ्याला घेऊन या

आबा, तुमचं तेरावं होऊन आज आठ दिवस झाले. दुकान परवापासून उघडलंय. गिऱ्हाईक कमी आणि भेटायला येणारेच जास्त आहेत. "म्हातारं लय सरळ हुतं," असं जो तो म्हणतो. यातल्या निम्म्या लोकांशी तुम्ही कधी ना कधी याच दारात उभं राहून भांडला होतात, हे त्यांना आठवतं की नाही, देव जाणे. मी चहा देते आणि मान हलवते. तुमच्याबद्दल चांगलं ऐकताना मला जरा अवघडल्यासारखं होतं. नऊ वर्षं एका दुकानात काढलेल्या सासऱ्या-सुनेत कौतुकाची पद्धत नव्हती. जे काय होतं ते तोंडावर होतं, आणि बहुतेक वेळा चढ्या आवाजात होतं.

रडून झालं आहे. जेवढं यायचं होतं तेवढं आलं. आता एकच गोष्ट उरली आहे आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला कामाला लागता येत नाही. सांगलीच्या दवाखान्यात तुमच्या ऑपरेशनच्या कागदावर मी सही केली. तुम्ही दहा पावलांवर, पूर्ण शुद्धीत, छताकडे बघत पडला होतात. मी तुम्हाला विचारलं नाही. नऊ दिवसांनी तुम्ही गेलात. त्या दिवसापासून मी मनातल्या मनात तुमच्याशीच भांडतेय, आणि भांडण तेच जुनं आहे, पहिल्या महिन्यात सुरू झालेलं.

मी तासगावची, बेदाण्याच्या व्यापाऱ्याची लेक. आमच्या घरी गिऱ्हाईक दारात आलं की आधी त्याच्या तळहातावर बेदाणे पडायचे, बोलणं नंतर. त्यानं तोंड वाकडं केलं तर दुसऱ्या पेटीतले, पुन्हा वाकडं केलं तर तिसऱ्या. समोरचा राजी होईपर्यंत वडील हात आखडता घेत नसत. सांगलीत बी.कॉम. झाले, तिथंच उद्योजकतेचं तीन दिवसांचं शिबिर केलं, त्यात पहिल्या दिवशी पहिल्या पानावर 'ग्राहक प्रथम' असं लिहून घेतलं होतं. मला त्यात नवीन काही वाटलं नाही, ते मी घरातच बघितलं होतं. तुमच्या मोतीबिंदूच्या वेळी मी गल्ल्यावर बसायला लागले तेव्हा हौसेनं तेच दोन शब्द रंगवून भिंतीवर लावले. तुम्ही एका डोळ्याला हिरवी पट्टी आणि दुसऱ्या डोळ्यानं बराच वेळ ते बघत बसलात.

"गिऱ्हाईक पैलं. बरं हाय," म्हणालात. "पन कंचं?"

मला वाटलं, डोळ्याच्या औषधानं गुंगी आली असेल.

मग मी तुमचा धंदा बघितला. कोरेगावच्या स्टँडपासून जवळ, पत्र्याच्या काळ्या ट्रंका बनवायचं दुकान. फौजेत भरती झालेला पोरगा पहिल्यांदा ट्रेनिंगला निघाला की घरचे लोक आपल्याकडे ट्रंक घ्यायला यायचे. आपल्या भागात कोण ना कोण कायम निघालेलं असतं, म्हणजे गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. पण तुम्ही ट्रंक आई-बापाला विकायचाच नाहीत. "उचलनाऱ्याला घिऊन या," एवढं बोलून पुन्हा पत्रा कापायला लागायचात. पोरगा आला की त्याच्यासमोर ट्रंक उघडायची, तुमच्या त्या वाळूच्या पिशव्या आत टाकायच्या, कडी लावायची, आणि त्याला ती खांद्यावर घेऊन स्टँडच्या फाटकापर्यंत जाऊन यायला सांगायचं. चहावाले, वडापच्या जीपवाले सगळे बघायचे. भरतीच्या मैदानावर पहिल्या दहात पळून आलेला गडी आपल्या दुकानाच्या पायरीवर येऊन धापा टाकायचा. मग तुम्ही त्या ट्रंकेहून दोन बोटं लहान माप काढायचात.

मला हे सगळं बघून घाम फुटायचा. दारात आलेल्या माणसाला असं कोण राबवतं? तासगावात माझ्या वडिलांनी बघितलं असतं तर त्यांना झीट आली असती.

माण तालुक्यातून आलेली ती बाई तुम्हाला आठवत असेल. दहिवडीकडची. दोन एसट्या बदलून आली होती. हातात कापडी पिशवी, पायात रबरी चप्पल. पोरगं मुंबईत कुठल्याशा गोदामात कामाला होतं, तिथूनच पळायचा सराव करून भरतीत लागलं होतं. तिनं आल्या आल्या सगळ्यात वरची, छत्तीस इंची ट्रंक दाखवली.

"ती द्या. मोठ्यातली मोठी."

"पोरगा कुटाय?" तुम्ही विचारलंत.

"म्हमईला. परवा येनार आन् तेरवा जानार. आवं, मीच नेते की."

"मग परवा त्यालाच घिऊन या. पेटी काय पळून जात न्हाई."

"त्याला कुटला येळ? आन् आमच्या वस्तीवरनं पैल्यांदा कोन तर निगालंय फौजंत. लोकांनी बगाय नको व्हय?"

"लोकं बगत्यात वेशीपातुर, बाई. फुडं उचलनारा त्योच हाय."

ती पिशवी उचलून उठली. मी तिच्या मागं स्टँडपर्यंत पळाले. म्हटलं, मावशी, आबा तासाभरानं जेवायला जातात, तेव्हा या, मी देते. ती हसली नाही की रागावली नाही. "म्हातारं लय ताठ हाय गं तुमचं," म्हणाली आणि समोरच्या भांड्यांच्या दुकानात शिरली. थोड्या वेळानं तिथून डोक्यावर कुठल्यातरी कारखान्याची निळी, फुलाफुलांची पेटी घेऊन बाहेर पडली.

त्या दुपारी मी तुमच्याशी पहिल्यांदा आवाज चढवून बोलले. बाई एवढ्या लांबून आली, आपलं गिऱ्हाईक, आणि तुम्ही तिला हात हलवत परत पाठवली.

"ती गिऱ्हाईक न्हाई," तुम्ही म्हणालात. कातर थांबलीसुद्धा नाही. "ती गिऱ्हाइकाची आई हाय."

हे तुमचं वाक्य मी पुढं माहेरी, मैत्रिणींत, शिबिरातल्या लोकांच्या ग्रुपवर कितीदा सांगितलं असेल आणि कितीदा हशा मिळवला असेल, त्याला गणती नाही. तुम्हाला ते कळलं असतं तरी वाईट वाटलं नसतं. पण तुमच्याशी वाद घालताना मला त्याचं उत्तर कधीच सापडलं नाही, हे मी कुणाला सांगितलं नाही. मी म्हणायचे, आबा, जो दारात येतो, निवडतो, घेऊन जातो, त्याला सगळी दुनिया गिऱ्हाईक म्हणते. तुम्ही म्हणायचात, दारात येणाऱ्याचं काम दारात संपतं. मग मी म्हणायचे की अशानं दुकान संपेल. आणि तुम्ही म्हणायचात, चहा सांग.

दुकान खरंच संपत आलं होतं. चाकांच्या बॅगा आल्या, प्लॅस्टिकच्या पेट्या आल्या. अशात त्या भरती अकादमीच्या सरांची ऑर्डर आली. भरतीचा सराव घेणाऱ्या अकादम्या आता गावागणिक आहेत, पण यांची मोठी होती. निवड झालेल्या प्रत्येकाला अकादमीतर्फे ट्रंक भेट द्यायची त्यांची कल्पना. चाळीस नग, छत्तीस इंची, एकसारखे, झाकणावर अकादमीचं नाव मोठ्या पांढऱ्या अक्षरात. दरवर्षी देऊ म्हणाले. मी बसल्या जागी हो म्हटलं. तुम्ही मागच्या शेडमध्ये होतात. मला वाटलं, आता निदान नव्वद दिवस तरी श्वास घेता येईल.

तुम्ही बाहेर आलात, ऐकून घेतलंत, आणि सरांना विचारलंत, "झाकनावर तुमचं नाव. मग पोराचा नंबर कुटं?"

तुमच्या हातची ट्रंक ओळखायला सोपी होती. झाकणावर मुलाचं नाव खालच्या अंगाला, आणि वर चार बोटं जागा मोकळी. ट्रेनिंगला गेल्यावर त्याला फौजेचा नंबर मिळतो. पहिल्या सुट्टीला आला की तो ट्रंक घेऊन दुकानात यायचा आणि तुम्ही त्या मोकळ्या जागी नंबर घालून द्यायचात. त्या दिवशी त्याच्याशी तुम्ही 'अहो' लावून बोलायचात.

"नंबर आतल्या बाजूला टाका की आबा," सर म्हणाले.

"बरं. आन् पोरं कवा धाडताय उचलाय?"

सरांनी हसून माझ्याकडे बघितलं. मीही हसले. आम्ही दोघांनी हसून तुम्हाला बाजूला सारलं, हे तुम्हाला दिसलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही वडापच्या टेम्पोत तीन मापांच्या तीन ट्रंका, वाळूच्या पिशव्या आणि मला घालून अकादमीच्या मैदानावर गेलात. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस धोतराचा सोगा खोचून धावपट्टीच्या कडेला बसला. पोरं पळून येत होती आणि तुम्ही एकेकाला थांबवत होतात. "नाव काय? कुनाचा तू? उचल." दोन मुली पोलीस भरतीच्या होत्या, त्यांना ट्रंक लागणारच नव्हती, त्यांनाही उचलायला लावलीत. त्यातल्या एकीनं मोठी ट्रंक सरळ डोक्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली आणि पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. तुम्ही मनापासून हसलात. मी मात्र टेम्पोच्या आडोशाला उभी राहून कुणी ओळखीचं दिसू नये म्हणून प्रार्थना करत होते.

बहुतेकांनी लहान माप मागितलं. नाव आपलं हवं, असंही त्यांतले बरेच जण म्हणाले. सर आले, त्यांनी हे सगळं बघितलं आणि माझ्याशी बोलले, तुमच्याशी नाही. "मॅडम, पेटी मी घेणार, आणि मापं पोरं सांगणार? तुम्हीच सांगा." मला त्यांचंच पटत होतं. ऑर्डर गेली.  परतीच्या वाटेवर तुम्ही दोनदा चहाचं विचारलंत. मी दोन्ही वेळा नको म्हटलं, आणि तुम्हीही मग घेतला नाहीत.

गोष्टींत असं असतं की पुढं ती चाळीसही पोरं रांगेनं आपल्या दुकानात आली. आपल्याकडे सात आली. सातही ट्रंका तुम्ही जीव लावून केल्यात, पण सातांवर दुकान चालत नाही. ते चाललं मी त्याच पत्र्यातून सुरू केलेल्या धान्याच्या कोठ्यांवर. हे मी तुम्हाला तेव्हाही ऐकवलं होतं आणि आजही ऐकवते. कोठीचं गिऱ्हाईक सरळ असतं. येतं, बघतं, टेम्पोत घालतं.

तरी तुम्ही तिथंही नाक खुपसलंत. पहिली कोठी तयार झाली, मी फोटो काढत होते, आणि तुम्ही घ्यायला आलेल्या माणसाला विचारलंत, "ज्वारी कोन काढनार ह्यातनं?" तो म्हणाला, "कोन म्हंजे? आई काढंल." "आईची उंची किती?" त्या माणसानं जरा विचार करून आपल्या छातीशी हात धरला. तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलंत की कोठी वीतभर बुटकी कर आणि झाकण मधून कापून बिजागरीचं कर, म्हातारीला अख्खं उचलायला नको. मी चिडून केलं. आज सातारा-सांगलीत आपली कोठी लोक 'अर्ध्या झाकणाची' म्हणूनच मागतात. ती कल्पना माझी आहे असं मी दोन ठिकाणी सांगितलंय. एका ठिकाणी त्याबद्दल शाल आणि नारळही मिळाला. तुम्ही त्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसला होतात आणि टाळ्याही वाजवल्यात. घरी आल्यावर तरी बोलाल असं वाटलं होतं. तुम्ही नारळ फोडून खोबरं मागितलंत. आबा, तुमचे आभार मानायचे तेव्हा राहिले. आता मानते.

गेल्या वर्षी तुम्हाला झटका आला. डावी बाजू गेली, मग अर्धीमुर्धी परत आली. विकास, तुमचा मुलगा, साखर कारखान्यात; हंगामात तो घरी फक्त झोपायला येतो. तुमचं सगळं माझ्याकडे आलं. उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं. पहिल्या दिवशी तुम्ही डोळे गच्च मिटून घेतले होते. मीही इकडंतिकडं बघत होते. आठ दिवसांनी दोघांनाही त्याचं काही वाटेनासं झालं. तुम्हाला कॉटवरून खुर्चीत घेताना माझी पाठ भरून यायची आणि मी ते दाखवत नाही, असा माझा समज होता. एकदा तुम्ही म्हणालात, "पोरी, गुडघ्यात वाकून उचलावं. कंबरंत न्हाई." त्यानंतर मी गुडघ्यात वाकायला लागले.

मग तुम्ही काठी धरून चालायला लागलात, आणि शेडमध्ये पडून खुबा मोडला. सातारा जवळ होतं. पण सांगलीत माझा भाऊ राहतो, डबा, मुक्काम, धावपळ सोपी जाईल म्हणून मी सांगली म्हटलं. म्हणजे दवाखानासुद्धा माझ्या सोयीनं निवडला. डॉक्टर चांगले होते, काही लपवलं नाही. हृदय अशक्त आहे, ऑपरेशनमध्ये धोका आहे, हे त्यांनी सांगितलं. नाही केलं तर अंथरुणाला खिळतील, पण कदाचित जास्त दिवस काढतील, हेही सांगितलं. व्हरांड्यात उभं राहून मी त्यांना डझनभर प्रश्न विचारले. सगळ्यांची उत्तरं लिहून घेतली. शेवटी 'करा' म्हटलं आणि सही केली. आत आले तेव्हा तुम्ही विचारलंत, "ठरलं?" मी म्हटलं, "ठरलं." तुम्ही "बरं" म्हणालात.

ऑपरेशन नीट झालं. पाचव्या दिवशी छातीत कफ भरला. त्यात कुणाची चूक नव्हती.

पण तुमच्या पिंडाला कावळा शिवेपर्यंत सगळे हात जोडून उभे होते, तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच चालू होतं की नऊ वर्षं ज्या एका गोष्टीवरून हा माणूस माझ्याशी भांडला, तीच मी त्याच्याबाबतीत केली. निवडलं मी, सही केली मी. सुया, नळ्या, कळा सगळं तुमच्या वाट्याला. व्हरांड्यातून दहा पावलं आत यायला मला जमलं नाही. खरं सांगते, आबा, मला भीती होती की तुम्ही नको म्हणाल. तुम्ही पुन्हा चालावं असं मला वाटत होतं. आणि माझी पाठ दुखत होती. दोन्ही खरं आहे. त्यातलं कुठलं जास्त खरं, ते मला आजही सांगता येत नाही.

हे सगळं मी परवा विकासला बोलून दाखवलं. तो जेवता जेवता थांबला. म्हणाला, "म्हणजे? तुला डॉक्टरांनी सांगितलं नाही?"

त्या सकाळी मी खाली औषधं आणायला गेले होते तेव्हा तो डबा घेऊन आला होता. डॉक्टर आधी तुमच्याकडेच आले होते. खुर्ची ओढून बसले आणि तुम्हाला सगळं नीट समजावून विचारलं की आजोबा, करायचं का? विकासला तुमचे शब्द तसेच्या तसे आठवत होते. तुम्ही म्हणालात, "मला नगा इचारू. माझं समदं ती करती, उचलती बी तीच. तिला इचारा. तिला झेपंल ते करा."

त्यानंतर डॉक्टर व्हरांड्यात आले होते. विकासला वाटलं, मला माहीत आहे.

मी ताटावरून उठले आणि दुकानात येऊन बसले. सगळे म्हणतील, बघ, त्यांनीच तुझ्यावर सोपवलं होतं, आता मनातून काढून टाक. विकास तेच म्हणाला. माझ्याच्यानं ते होत नाही. मला बरं वाटलं, हे खरं, आणि त्याच क्षणी तुमचा एवढा राग आला की तुम्ही समोर असतात तर दुकानाबाहेर ऐकू गेलं असतं. मला काय झेपतं, हा तिथं प्रश्नच नव्हता. कापणार तुम्हाला होते. दुखणार तुम्हाला होतं. जन्मभर कुणाच्या आईचं ऐकलं नाहीत, बापाचं ऐकलं नाहीत, अकादमीच्या सरांना उभं केलं नाहीत. आणि स्वतःची वेळ आल्यावर कॉटवर पडून माझ्याकडे बोट दाखवलंत.

नऊ वर्षांत पहिल्यांदा मी तुमची बाजू घेऊन बोलतेय, आणि ऐकायला तुम्ही नाही. त्या दिवशी गिऱ्हाईक तुम्ही होतात, आबा. मला का पुढं केलंत?